घराच्या अंतरंगाची नोंदवही

वाड्याचा इतिहास लिहिणें सोपें असतें. त्या वाड्यांतील बैठकीच्या खोलीचा इतिहास लिहिणें कठीण. दगडविटांचें काम शेंदोनशें वर्षें सहज टिकतें, त्याचे नकाशे दप्तरांत सांपडतात, बांधविणाराचें नांव कोनशिलेवर कोरलेलें असतें. परंतु भिंतीला डकविलेला रंगीत कागद, जमिनीवरचें आच्छादन, खिडकीचा पडदा, स्वयंपाकघरांतील ओटा ह्यांना दहा-वीस वर्षांपलीकडे सहसा आयुष्य नसतें. नवा भाडेकरू येतो, नवी सून येते, नवी आवड येते, आणि जुनें तें उपटून बाहेर फेकलें जातें. राजाच्या शयनगृहांतील गालिचा पदार्थसंग्रहालयांत जाऊन बसतो. कारकुनाच्या घरांतलें जाजम चिंध्या होऊन फरशी पुसण्याच्या कामीं येतें. त्यामुळें १८९० सालीं किंवा १९३५ सालीं लंडनमधील वा ओहायोमधील एखाद्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाचें घर आंतून कसें दिसत होतें, असें कोणी विचारलें तर चांगल्या चांगल्या इतिहासकारांनाहि फार काळ गप्प बसावें लागे.

ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या कागदांत दडलें होतें, ते कागद जपून ठेवण्याजोगे आहेत असें मात्र कोणाला वाटलें नव्हतें. व्यापाऱ्यांचीं सचित्र सूचिपत्रें, नमुन्यांच्या वह्या, रंगांचीं पत्रकें, किंमतींच्या याद्या हा तो ऐवज. ग्रंथालयें त्यांना ग्रंथ मानीत नसत आणि दुकानदार नवी यादी हातीं पडतांच जुनी रद्दींत घालीत. जी थोडी वांचली ती माळ्यावर विसरली गेली म्हणून वांचली. गेल्या कांहीं दशकांत अशा कागदांचीं पानें यंत्रानें टिपून संगणकावर चढविण्याचें व प्रत्येक पानाची नोंद करण्याचें काम कित्येक संस्थांनीं हातीं घेतलें आहे. ह्यालाच डिजिटल संग्रह म्हणतात. पान टिपणें हें त्यांतलें हलकें काम. तें यंत्र करतें. वस्तूचें नांव काय, ती कोणी केली, कशाची केली, कोणत्या सालची, आणि शंभर वर्षांनंतरचा माणूस ती कोणत्या शब्दानें शोधील, हें ठरविणें हें अवघड काम, व तें माणसालाच करावें लागतें.

लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत आर्थर सिल्व्हर नांवाच्या चित्रकारानें १८८० सालीं एक लहानशी चित्रशाळा काढली. भिंतीचे कागद, पडद्यांचीं कापडें, गालिचे ह्यांवरील वेलबुट्टी काढून ती कारखानदारांना विकणें हा तिचा धंदा. आर्थर १८९६ सालीं वारला. पुढें मुख्यतः त्याचा मुलगा रेक्स ह्यानें हा व्यवसाय १९६३ सालापर्यंत चालविला. एवढ्या काळांत त्या शाळेंतून वीस हजारांहून अधिक नमुने बाहेर पडले. हॅरी नॅपर, जॉन इलिंगवर्थ के ह्यांच्यासारखे कसबी कलावंत तेथें काम करीत. पण बाजारांत त्यांचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें. नमुना एकदां विकला कीं विकत घेणाराचा झाला. कापडावर छाप पडे तो दुकानाचा. लिबर्टी ह्या लंडनच्या प्रसिद्ध दुकानाचें ओळखचिन्हच होऊन बसलेलें मोरपिसांचें ‘हेरा’ नांवाचें कापड आर्थर सिल्व्हरच्या हातचें, १८८७ च्या सुमाराचें. तें अंगावर वागविणाऱ्या व भिंतीवर टांगणाऱ्या हजारों लोकांना ह्याचा पत्ता नव्हता. मोरपीस आपल्याकडे देव्हाऱ्यांतहि असतें आणि पंख्यांतहि. विलायतेंत मात्र तें त्या पिढीच्या सौंदर्याभिरुचीची निशाणी होऊन बसलें होतें.

सिल्व्हर मंडळींनीं मात्र एक गोष्ट मोठ्या शिस्तीनें केली. त्यांनीं हिशेबाच्या रोजवह्या लिहिल्या. कोणता नमुना, केव्हां, कोणाला दिला, ह्याची नोंद त्यांत आहे. विकलेल्या नमुन्यांचीं छायाचित्रें आहेत. पुढें कारखान्यांतून छापून आलेल्या कागद-कापडाचे तुकडेहि आहेत. १९६७ सालीं हा सर्व संभार हॉर्न्सी येथील कलाशाळेला मिळाला, तेथून तो आजच्या मिडलसेक्स विद्यापीठाकडे आला, आणि २००० सालीं त्यासाठीं गृहसजावट व गृहरचना ह्यांना वाहिलेलें संग्रहालय उघडलें. आतां त्यांतील बराच भाग घरबसल्या पाहतां येतो. पण खरी करामत चित्रें दाखविण्यांत नाहीं. रोजवहींतील ओळ, मूळ रेखाटन आणि छापील तुकडा हीं तीन टोकें नोंदकारानें एका क्रमांकाखालीं आणून बांधलीं, तेव्हां कोठें ‘अमुक दुकानाचा कागद’ हा ‘अमुक माणसानें काढलेला कागद’ झाला. सुंदर चित्र पुष्कळ ठिकाणीं असतें. पण चित्राला त्याचा धनी परत मिळवून दिला तो एका व्यापारी कुटुंबाच्या रोजवहीनें.

भिंतीच्या कागदाचीच दुसरी एक नोंदवही अमेरिकेंत आहे. ती सजावटीच्या हौसेनें झालेली नाहीं. भीतीनें झालेली आहे. १७७५ सालीं शील ह्या स्वीडनमधील रसायनवेत्त्यानें तांबें व सोमल ह्यांच्या संयोगानें एक झगझगीत हिरवा रंग तयार केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याहून टिकाऊ असा दुसरा सोमली हिरवा निघाला. रंग स्वस्त, डोळ्यांस सुखद, मेणबत्तीच्या व गॅसच्या उजेडांतहि न मावळणारा. युरोप-अमेरिकेंतील मध्यम वर्गानें तो भिंतीभिंतीवर चढविला. सोमल म्हणजे जहर हें ठाऊक असूनहि लोक म्हणत कीं भिंत कांहीं कोणी चाटीत नाहीं! परंतु कागद घासला कीं त्याची धूळ उडे, ती अन्नावर व श्वासांत जाई, आणि दमट हवेंत त्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळें विषारी वायूहि सुटे. विल्यम मॉरिससारख्या सौंदर्यवाद्याच्या सुरुवातीच्या कागदांतहि हें विष होतें, हें पुढें रासायनिक परीक्षेनें सिद्ध झालें आहे.

मिशिगन संस्थानांत रॉबर्ट केडझी नांवाचा रसायनाचा प्राध्यापक होता. यादवी युद्धांत त्यानें शस्त्रवैद्य म्हणून काम केलें होतें. संस्थानच्या आरोग्यमंडळावर असतांना त्यानें १८७४ सालीं दुकानांत उघड विकले जाणारे कागद विकत घेतले, त्यांचे तुकडे कापले, आणि ८६ नमुन्यांचें एक पुस्तक बांधविलें. अशा शंभर प्रती करून त्यानें त्या मिशिगनमधील सार्वजनिक ग्रंथालयांना पाठविल्या. पुस्तकाचें नांव ‘मृत्यूच्या भिंतींवरील छाया’. लोकांनीं तें उघडावें, आपल्या घरचा कागद त्यांत आहे का तें पाहावें, आणि सावध व्हावें, एवढाच हेतु. ग्रंथपालांना प्रत्येक प्रतीबरोबर अर्थातच एक इशाराहि द्यावा लागला: मुलांच्या हातीं देऊं नका. केवळ हिरवेच नव्हे, तर इतर रंगांचे निरुपद्रवी दिसणारे कागदहि त्यांत सोमली निघाले होते.

पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. हळूहळू ग्रंथालयांनींच हीं पुस्तकें नष्ट केलीं. शंभरांतील चारपांच प्रती काय त्या आज शिल्लक आहेत. मिशिगनच्या दोन विद्यापीठांत प्रत्येकी एक आहे आणि एक अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयांत आहे. हातमोज्यांवांचून तें पुस्तक हाताळणें धोक्याचें. मिशिगन स्टेट विद्यापीठानें तर त्याचें प्रत्येक पान पारदर्शक आवरणांत बंद केलें आहे. वैद्यक ग्रंथालयानें आपली प्रत संगणकावर चढविली, आणि दीडशें वर्षांपूर्वीच्या दिवाणखान्याची ती हिरवी, सोनेरी, करडी भिंत कोणीहि निर्धास्तपणें पाहूं लागला. केडझीला जें साधावयाचें होतें, म्हणजे नमुना सर्वांना दिसावा आणि अपाय कोणाला होऊं नये, तें खऱ्या अर्थानें आतां साधलें. येथें नोंदकाराची जबाबदारीहि वाढते. पडद्यावरचें चित्र म्हणजे एक सुरेख पानाफुलांची नक्षी. तींत विष दिसत नाहीं. नोंदींत ‘सोमल’ हा शब्द नसेल तर उद्यां कोणी हौशी माणूस ह्या पुस्तकाकडे निव्वळ सजावटीचा नमुना म्हणून पाहील.

विसाव्या शतकाकडे वळलें म्हणजे सामग्रीचा दुष्काळ संपतो आणि पूर येतो. अमेरिकेंत व कॅनडांत जुन्या इमारतींच्या जतनाचें शास्त्र जोपासणारी एक संस्था १९६८ सालीं स्थापन झाली. तिनें बांधकाम व घरसजावट ह्यांच्या जुन्या सूचिपत्रांचा मोठा संग्रह इंटरनेट आर्काइव्ह ह्या सान फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयाच्या आश्रयानें जमविला आहे. कौलें, नळ, दिवे, फरशा, रंग, कपाटें ह्यांच्या हजारों याद्या तेथें कोणालाहि फुकट वाचतां येतात. त्या उलगडतांना पहिली गोष्ट मनांत भरते ती रंगांची. तो काळ छायाचित्रांमुळें आपल्या डोळ्यांपुढें काळापांढरा उभा राहतो. पण विस्कॉन्सिनच्या कोहलर कारखान्यानें १९२७ सालींच न्हाणीघराचे टब व पात्रें फिकट जांभळ्या, वासंती हिरव्या, आकाशी अशा रंगांत बाजारांत आणलीं होतीं.

हा संग्रह बहुतेक १९६४ पूर्वीच्या याद्यांचा आहे. त्याचें कारण कलेंत नाहीं, कायद्यांत आहे. १९६४ पूर्वी अमेरिकेंत छापलेल्या मजकुराचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षीं अर्ज करून पुन्हां नोंदवावा लागे. न नोंदविल्यास तो सर्वांचा होई. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या फरशीच्या यादीसाठीं अर्ज करावयास कोणता कारखानदार धांवणार? पुढें १९९२ च्या कायद्यानें १९६४ पासूनच्या मजकुराचे हक्क आपोआप वाढले, आणि दार तेथेंच बंद झालें. म्हणून १९५८ चें अमेरिकन स्वयंपाकघर जगाला मोकळेपणानें पाहतां येतें, आणि १९७२ चें पाहावयाचें तर परवानगीची खटपट. जुन्या घरांचें जें चित्र आज लोकांच्या मनांत ठसत आहे, त्याची एक चौकट अशी वकिलांनीं आंखून दिलेली आहे.

दुसरी अडचण सालाची. व्यापारी आपल्या यादीवर साल छापीत नसे, कारण माल शिळा वाटूं नये. मग नोंदकार गुप्त पोलिसाप्रमाणें खुणा शोधतो. यादीवर निळ्या गरुडाचें चिन्ह असेल तर ती १९३३ ते १९३५ च्या दरम्यानची; कारण अमेरिकन सरकारच्या उद्योगसुधारणा योजनेंत सामील झालेले धंदेवाले तें चिन्ह तेवढाच काळ मिरवीत. पत्त्यांत शहराच्या नांवापुढें एकदोन आंकडी विभागक्रमांक असेल तर यादी १९४३ नंतरची. पांच आंकडी टपालक्रमांक असेल तर १९६३ किंवा त्यापुढील. इंग्लंडांत हें काम अंशतः सरकारनेंच करून ठेविलें आहे. १८४२ ते १८८३ पर्यंत नोंदविलेल्या नमुन्यांच्या वस्तूंवर चौकटच्या आकाराचा एक ठसा असे आणि त्याच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून व आंकड्यांवरून दिवस, महिना व वर्ष काढतां येतें. १८३९ पासूनच्या ह्या नोंदणीचीं दप्तरें लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत असून त्यांत सुमारें तीस लाख नमुने आहेत. दप्तर म्हटलें म्हणजे नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

नांवांचा घोटाळा तर ह्याहून गमतीचा. ‘डॅव्हनपोर्ट’ हा शब्द इंग्रजी यादींत आला तर तें लिहिण्याचें लहानसें मेज. तोच अमेरिकन यादींत आला तर बसावयाचा लांब कोच. यंत्र दोन्ही पानांवर तेंच नांव वाचतें आणि मेज व कोच एकाच पंक्तीला बसवितें. असा गोंधळ टळावा म्हणून लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेनें कला व वास्तु ह्यांच्या संज्ञांचा एक मोठा कोश सिद्ध केला. तो प्रथम १९९० सालीं छापून निघाला आणि जगभरच्या संग्रहालयांत आज वापरला जातो. तरी कांहीं प्रश्न कोशानेंहि सुटत नाहींत. ‘आर्ट डेको’ हें नांव आज सर्वांच्या तोंडीं आहे. पण तें रूढ झालें तें मुख्यतः बेव्हिस हिलियर ह्या इंग्रज लेखकाच्या १९६८ सालच्या पुस्तकामुळें. १९३५ च्या फर्निचरवाल्याला तो शब्द ठाऊकच नव्हता. तो आपल्या मालाला नुसतें ‘आधुनिक’ म्हणे. आज कोणी संगणकाला आर्ट डेको विचारलें तर ज्या पानांवर ती शैली भरभरून आहे तींच पानें मुकीं राहतात. तेव्हां चांगला नोंदकार त्या काळचा शब्द जसाच्या तसा ठेवतो, आणि आजचा शब्द शेजारीं वेगळा लिहितो. दोहोंपैकीं एकच ठेवणें म्हणजे जुन्या माणसाच्या तोंडांत नवी भाषा घालणें, किंवा नव्या माणसाला दारांतूनच परत पाठविणें.

नोंदींतील ‘कशाचें केलें’ हा रकाना बहुधा एका शब्दांत उरकतात. लिनोलियमची गोष्ट घ्यावी. फ्रेडरिक वॉल्टन ह्या इंग्रजानें १८६३ सालीं त्याचा हक्क नोंदविला आणि पुढच्याच वर्षीं टेम्सकांठच्या स्टेन्स गांवीं कारखाना काढला. जवसाचें तेल हवेंत घट्ट होऊं द्यावयाचें, त्यांत राळ व बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मळावयाचा, आणि तो लगदा तागाच्या जाड कापडावर लाटून वाळवावयाचा, ही कृति. हक्काची मुदत संपतांच स्कॉटलंडांतील कर्कॉल्डी गांव ह्या मालाचें माहेरघर झालें. अमेरिकेंत आर्मस्ट्राँग कंपनीनें लँकेस्टर येथें कारखाना उभारला आणि हेझल डेल ब्राऊन ह्या सजावटकार बाईंच्या नांवानें गृहिणींसाठीं सल्ल्याच्या रंगीत पुस्तिका काढल्या. संग्रहांत ह्या पुस्तिका विपुल आहेत, व नोंदींत लिहिलेलें असतें: ‘साहित्य, लिनोलियम’. परंतु त्यांतील ताग कोठला? बंगालचा. जवस? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विलायतेस जाणाऱ्या जवसाचा मोठा वांटा हिंदुस्थानचा, आणि त्यांतला बराच नागपूर-वऱ्हाडकडील शेतांतून मुंबई बंदरावाटे जाणारा. ज्या जवसाची चटणी विदर्भांतील शेतकरी भाकरीबरोबर खातो, त्याच जवसावर लंडनच्या गृहस्थाचें न्हाणीघर उभें होतें. सूचिपत्रांत ह्याचा उल्लेख नाहीं, कारण विकणाराला तो नको होता. आणि नोंदकार सूचिपत्राबाहेर पाहणार नसेल तर त्याच्याहि नोंदींत तो येणार नाहीं.

ह्या साऱ्या उद्योगाला कोणी हौसेचें म्हणेल. पण आज त्याचा रोकडा उपयोग चाललेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ज्या नऊ इंची चौरस फरशा घरोघर बसल्या, त्यांपैकीं पुष्कळांत ॲस्बेस्टॉस मिसळलेलें असे. तेव्हां तें यादींत अभिमानानें छापीत, कारण तें आगीला दाद देत नाहीं. त्याच्या सूक्ष्म तंतूंनीं फुप्फुसांचे जीवघेणे रोग होतात, हें ग्राहकाला फार उशिरां कळलें. अशी फरशी फोडण्यापूर्वीं तिचा नमुना जुन्या यादीशीं ताडून पाहिला तर निदान सावध होतां येतें. पक्का निर्णय अर्थात् प्रयोगशाळेचा.

तरीहि एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सूचिपत्रांतील खोली ही कोणाचीच खोली नव्हे. तेथें दोरीवर धुणें नाहीं, आजारी माणसाची खाट नाहीं, एका खोलींत सहा माणसें नाहींत. दुकानदाराला जें विकावयाचें होतें तें तेथें आहे. लोकांनीं काय घेतलें, किती वर्षें वापरलें, कोठें ठिगळ लाविलें, हें त्यांत नाहीं. म्हणून सूचिपत्राशेजारीं घरगुती छायाचित्रें, विमा उतरवितांना केलेली सामानाची यादी, दुरुस्तीचीं बिलें हींहि ठेवावीं लागतात.

मुंबईकडे पाहिलें तर काय दिसतें? १९३७ च्या नोव्हेंबरांत भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेनें तेथील टाउन हॉलांत ‘आदर्श गृह’ प्रदर्शन भरविलें. नव्या सदनिकांत राहावयास निघालेल्या शहरी कुटुंबांपुढें बैठक कशी असावी, स्वयंपाकघर कसें असावें, ह्याचे नमुने मांडले, आणि तें पाहण्यास लोकांची मोठी गर्दी लोटली. त्याच सुमारास मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाच्या कडेनें ज्या इमारती उठल्या, त्यांना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. २०१६ पासून आर्ट डेको मुंबई ही संस्था शहरभरच्या अशा इमारतींची नोंद करून ती इंटरनेटवर सर्वांसाठीं मांडीत आहे. सज्जे, कठडे, नांवांच्या पाट्या, जिन्यांच्या जाळ्या ह्यांची दखल घेतली गेली. बंद दारामागचें घर मात्र अजून बरेंचसें नोंदीबाहेर आहे. १९२२ सालीं मुंबईंत निघालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंटी फरशा, गोल कडांचीं शिसवी कपाटें, रंगीत कांचेच्या खिडक्या रस्त्यावरून दिसत नाहींत, आणि वारशाच्या यादीबाहेरील इमारत पुनर्बांधणीस गेली कीं पहिल्या आठवड्यांत मजूर त्याच फोडतात. कांहीं घरमालक निघण्यापूर्वीं जमिनीचें एक छायाचित्र काढून ठेवतात. त्यावर खोली कोणती, मजला कितवा, इमारतीचें नांव काय आणि फरशी कोणत्या कारखान्याची, एवढ्या चार गोष्टी पेन्सिलीनें लिहिलेल्या असल्या तर नोंदकाराचें निम्मे काम तेथेंच झालेलें असतें.